अडतिसाव्या झाडापाशी

मृग लागतो त्या दिवशी मृग दिसत नाही. जूनच्या सात-आठ तारखेला चांदूर बाजारच्या कृषी केंद्रांपुढं बियाण्याच्या पिशव्यांची थप्पी लागलेली असते. चहाच्या टपरीवर "औंदा मृगाचं वाहन काय हाय?" अशी विचारपूस चालते. कोणी म्हणतो बेडूक, कोणी म्हणतो कोल्हा, आणि शेवटी पंचांग उघडून वाद मिटवला जातो. ज्याच्या नावानं हे सगळं चाललेलं असतं, ते नक्षत्र मात्र त्या दिवसांत सूर्यासोबत उगवतं, दिवसभर त्याच्या उजेडात बुडून राहतं आणि त्याच्यासोबतच मावळतं. सूर्य मृगात आला याचा अर्थच हा, की मृग आता डोळ्यांपुरता संपला. तरी अख्खा वऱ्हाड प्रांत त्याच्या भरवशावर सरकी आणि तूर मातीत घालतो.

मला या भरवशाचं फार अप्रूप वाटतं. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून फिरतो, प्रत्येकात तेरा-चौदा दिवस. रोहिणीपासून स्वातीपर्यंतचा हिशेब आमच्याकडे अक्षर न येणाऱ्या माणसालाही तोंडपाठ असतो. पण यातलं एकही नक्षत्र सूर्य त्यात असताना कुणी पाहिलेलं नसतं. कुणीतरी कधीतरी रात्रीमागून रात्री जागून ताऱ्यांची मांडणी टिपली, सूर्याची चाल मोजली, दिवसा न दिसणारं गणितानं भरून काढलं. आपण त्या गणितावर पेरणी करतो. आकाश कळायला डोळे लागतात असं आपण धरून चालतो. खरं तर बरंचसं आकाश हिशेबानंच कळलेलं आहे.

मृगाच्या आधी रोहिणी. सूर्य तिच्यात शिरतो साधारण २५ मेला, आणि तिथून नवतपा सुरू होतो. दारं बंद, कूलरच्या टाकीत पाणी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नेमक्या याच दिवसांत, २६-२७ मेच्या सुमारास, दुपारी सव्वाबाराला चांदूर बाजारात माणसाची सावली पायाखाली गडप होते. गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सव्वाएकवीस अंशांवर आहे. उत्तरेकडे सरकत आलेला सूर्य त्या दिवशी थेट माथ्यावर येतो. खोल विहिरीच्या तळाशी पाणी उरलं असेल तर त्यात सूर्याचं बिंब दिसतं. असल्याच एका विहिरीच्या गोष्टीवरून इराटोस्थेनिसनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पृथ्वीचा घेर काढला होता. पुढं सूर्य कर्कवृत्ताला शिवून परततो आणि १६-१७ जुलैला पुन्हा आमच्या डोक्यावरून जातो. पण तेव्हा आभाळ गच्च असतं, सावली गेली काय नि राहिली काय, पत्ता लागत नाही. ज्या दुपारी सूर्य आपल्याला सगळ्यात जवळून बोलावतो, त्या दुपारी आम्ही नेमके दार लावून झोपलेले असतो.

वऱ्हाडात गावं ओळखली जातात ती त्यांच्या बाजाराच्या वारावरून. घाटलाडकी, शिरजगाव कसबा, करजगाव, ब्राह्मणवाडा थडी, आसेगाव अशी नावं घ्यावीत आणि समोरच्यानं लगेच त्या त्या गावच्या बाजाराचा दिवस सांगावा. मिरची-मसालेवाले, बांगड्यावाले, दोरखंडवाले आठवडाभर या गावाहून त्या गावी फिरत राहतात. हे सात वार म्हणजे सूर्यमालेची आपल्या घरात आलेली सगळ्यात जुनी यादी. तिचा क्रम मात्र चक्रावून टाकणारा आहे. रवीनंतर सोम का, सोमानंतर मंगळ का, याला आकाशात सरळ उत्तर मिळत नाही. ते उत्तर ग्रहांच्या गतीत आहे. सगळ्यात सावकाश चालणाऱ्यापासून सगळ्यात वेगवान चालणाऱ्यापर्यंत जुन्या ज्योतिषांनी ओळ लावली: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस होरा या ओळीनं एकेकाला वाटून दिल्या. सातांच्या तीन फेऱ्या झाल्या की एकवीस होतात, तीन उरतात. म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा ओळीतल्या चौथ्याकडे जाते. शनिवारनंतर रवी, रवीपासून मोजत चौथा चंद्र, चंद्रापासून चौथा मंगळ. बाहेरून आलेली ही सात वारांची पद्धत आपल्याकडे मुरली. मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या इसवी सन ४८४ च्या स्तंभलेखात गुरुवारचा उल्लेख कोरलेला आहे.

या यादीत सूर्य आहे, चंद्र आहे, पण पृथ्वी नाही. पायाखालच्या जमिनीला ग्रहांच्या पंक्तीला बसवायला माणसाला फार वेळ लागला. कोपर्निकसचं पुस्तक आलं ते १५४३ मध्ये. आणि त्यानंतर सापडलेल्या ग्रहांना वार मिळाला नाही. युरेनसच्या दिवशी कुठंच बाजार भरत नाही.

आमची पूर्णा नदी या हिशेबाला अनोळखी नाही. विदर्भात पयोष्णीच्या काठी दधिग्राम नावाचं गाव होतं. पयोष्णी म्हणजे पूर्णाच, असं अनेक अभ्यासक मानतात. या दधिग्रामातलं एक ज्योतिषी घराणं काशीला जाऊन स्थिरावलं. त्यातल्या कृष्ण दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली आणि जहांगीर बादशहाचा आश्रय मिळवला. त्यांचे भाऊ रंगनाथ यांनी १६०३ मध्ये सूर्यसिद्धान्तावर 'गूढार्थप्रकाश' ही टीका पुरी केली. त्याच वर्षी त्यांना मुलगा झाला, तो पुढं मुनीश्वर या नावानं मोठा गणिती झाला. गॅलिलिओनं दुर्बीण गुरूकडे वळवली ती १६१० मध्ये. म्हणजे त्याच्या सात वर्षं आधी, पयोष्णीकाठच्या घरातला एक माणूस दुर्बिणीवाचून, केवळ सूत्रांच्या आधारानं, ग्रह कुठं असतील ते उलगडून सांगत होता.

मला हे सगळं एका बागेत नीट उमगलं. मृग बहाराची तोडणी आटोपली होती. भाच्याच्या शाळेत सूर्यमालेचा तक्ता होता आणि त्यात आठही ग्रह एका ओळीत खेटून उभे होते. "मामा, हे इतके जवळ हायेत तं एकमेकाले आदळत काऊन नाहीत?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. त्याला घेऊन मी ओळखीतल्या एका काकाजींच्या संत्र्याच्या बागेत गेलो. लागवड सहा बाय सहा मीटरची, ओळ सुतात. काकाजी खर्रा घोटत मेरेवर उभे राहिले. तोडणीत मागं राहिलेलं सात सेंटिमीटर जाडीचं एक संत्रं आम्ही कोपऱ्यातल्या झाडाच्या बुंध्याशी ठेवलं आणि त्याला सूर्य ठरवलं.

संत्रं एवढं, तर पृथ्वी केवढी? बारीक रव्याच्या एका कणाएवढी, कारण सूर्याच्या व्यासावर १०९ पृथ्व्या ओळीनं मावतात. हा कण ठेवायचा साडेसात मीटरवर, म्हणजे पहिलं झाड ओलांडून दीड मीटर पुढं. एवढं अंतर यायला उजेडाला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. मधल्या जागेत दोनच कण: बुध तीन मीटरवर, शुक्र पहिल्या झाडाच्या थोडा अलीकडे. रव्याच्या कणापासून दोन सेंटिमीटरवर चंद्र, डोळ्याला दिसेल न दिसेल असा. भाच्यानं कणाशेजारी बोट टेकवलं आणि विचारलं, "माणूस एवढाच गेला?" एवढाच. माणसानं आजवर केलेला सगळ्यात लांबचा प्रवास त्याच्या बोटाच्या एका पेराखाली मावत होता. भारताचं आदित्य-एल१ हे यान त्याहून लांब आहे, १५ लाख किलोमीटरवर. पुण्याच्या आयुकानं बनवलेली दुर्बीण त्यावरून सूर्याकडे डोळे लावून बसलेली आहे. बागेत ते अंतर साडेसात सेंटिमीटर.

संत्र्याकडे वळून पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. सूर्यमालेत जे काही द्रव्य आहे त्यातलं ९९.८ टक्क्यांहून जास्त त्या एका फळात आहे. बाकीचे ग्रह, चंद्र, दगड, बर्फ, धूळ, आपण सगळे मिळून उरलेल्या भागात. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो आणि साडेचारशे कोटी वर्षांपासून हेच करत आला आहे. वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग स्वतःच्याच भारानं आकसत गेला, मध्ये सूर्य पेटला, आणि भोवती फिरत राहिलेल्या उरल्यासुरल्या द्रव्यातून ग्रह वळले.

बुध सूर्याच्या इतका लगटून असतो, की आपल्याला तो संधिप्रकाशात थोडा वेळच सापडतो. शुक्राचं तसं नाही. पऱ्हाटीच्या वावरावर संध्याकाळी तो लागला की माय म्हणायची, "थे पाय, सुकिराची चांदनी." इतक्या शांत दिसणाऱ्या ठिकाणी ४६० अंशांच्या पुढचं तापमान आहे. अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला की आपण हाय खातो. शुक्रावर शिसं वितळतं. कर्बवायूच्या जाड गोधडीखाली त्याची उष्णता कोंडून राहते. या ग्रहावरच्या विवरांना स्त्रियांची नावं देण्याची रीत आहे, आणि तिथं एका विवराचं नाव जोशी आहे. ते आनंदीबाई जोशींचं, ज्यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी वयाच्या एकविसाव्या वर्षी जग सोडलं. दुसरं एक विवर पंडिता रमाबाईंच्या मेधावी या नावानं आहे, तिसरं डॉक्टर जेरुशा झिराड यांच्या नावानं. समुद्र ओलांडून गेलेल्या या बायकांची नावं अशी संध्याकाळच्या चांदणीवर जाऊन बसली.

दुसऱ्या झाडाशी मंगळ, रव्याच्या कणाच्या निम्मा. लग्नाच्या बोलणीत याची दहशत फार. तो मधूनच आकाशात उलटा चालू लागतो, वक्री होतो. खरं तर आपली पृथ्वी आतल्या वाटेनं त्याला मागं टाकून पुढं जात असते, म्हणून तो मागं सरकल्यासारखा दिसतो. तिथं २४ सप्टेंबर २०१४ पासून काही वर्षं आपलं मंगळयान फेऱ्या घालत होतं.

तिसऱ्या-चौथ्या झाडाच्या पट्ट्यात लघुग्रह. लाखो आहेत, पण इतके विरळ, की बागेत दाखवायला काहीच ठेवता आलं नाही. इथं मी भाच्याला लोणार सांगितलं. आमच्यापासून नैर्ऋत्येला, बुलढाणा जिल्ह्यात, असाच एक भरकटलेला दगड येऊन आदळला आणि काळ्या पाषाणात जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. तो केव्हा पडला यावर मोजण्या वेगवेगळं बोलतात. एक मोजणी ५२ हजार वर्षं म्हणते, दुसरी ५ लाख ७० हजार. तो ज्वालामुखीचा नसून आघाताचाच आहे, याचे पुरावे १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आले आणि जगभरातले संशोधक लोणारला येऊ लागले. कारण चंद्रावरची काळी मैदानंही याच जातीच्या दगडाची, बेसॉल्टची आहेत, आणि बेसॉल्टमध्ये पडलेली चांगली टिकलेली आघातविवरं पृथ्वीवर फारच थोडी. आपण चंद्रावर जो ससा पाहतो, तो थिजलेल्या लाव्हाचा आहे. गाविलगडचा डोंगरही लाव्हाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरांमागून थर ओतला गेला, पुढं झिजला, आणि त्यातूनच आपल्या कपाशीची काळी माती झाली. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरलं तेव्हा घराघरांतले टीव्ही चालू होते. दाराबाहेर अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र दक्षिणेला वर आलेला होता. त्याच्याकडे पाहायला मी अंगणात आलो, तर शेजारचे दोघं-तिघं आधीच माना वर करून उभे.

आकाशातून येतं ते सगळंच निसर्गाचं नसतं. २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून आगीच्या रेघा सरकत गेल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. रव्याच्या कणाभोवती आपणही आता आपली धूळ जमवली आहे.

सहाव्या आणि सातव्या झाडांच्या मध्ये गुरू. यासाठी काकाजींनी खिशातून हरभऱ्याचा दाणा काढून दिला. बाकी सातही ग्रह एका पारड्यात घातले तरी त्यांच्या अडीचपट भरेल एवढा हा दाणा. त्याला सूर्याची फेरी करायला जवळजवळ बारा वर्षं लागतात, म्हणजे दर वर्षी एक रास. तो सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो. गोदावरीत बुडी मारणाऱ्या लाखो माणसांनी ग्रहगतीचं पुस्तक वाचलेलं नसतं, पण त्यांचे पाय गुरूच्या कालगणनेनं चालतात.

शनीचंही तसंच. बाराव्या झाडाशी तुरीचा एक दाणा ठेवला. त्याची फेरी साडेएकोणतीस वर्षांची; बारा राशींना वाटली तर प्रत्येकीला अडीच वर्षं येतात. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी ओलांडायला त्याला साडेसात वर्षं लागतात. तीच साडेसाती. शनिवारी मारुतीला तेल घालणारा माणूस भीतीपोटी का होईना, शनीचा वेग बिनचूक पाळत असतो. ती भीती गळून पडावी आणि आकडा राहावा असं मला वाटतं. एकदा दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली, की त्या फिकट पिवळ्या गोळ्याचा धाक उरत नाही. त्याच्याभोवतीच्या ज्ञात चंद्रांची संख्या २०२५ च्या मार्चमध्ये २७४ वर गेली. एवढा मोठा गोतावळा सांभाळणाऱ्याला आपल्या कुंडलीत डोकावायला फुरसत कुठून मिळणार?

बाराव्या झाडावर जुन्या माणसांची सूर्यमाला संपते. चोविसाव्या झाडापर्यंत नुसती पानं, माती आणि आमच्या चपलांचा आवाज. तिथं बाजरीचा एक दाणा: युरेनस. विल्यम हर्शेल हा इंग्लंडमध्ये राहणारा वादक, १३ मार्च १७८१ च्या रात्री घरी बनवलेल्या दुर्बिणीतून पाहताना त्याला हा सापडला. पुढं त्याची चाल गणिताशी जुळेना. कुणीतरी त्याला ओढतंय, असं वाटू लागलं. पॅरिसमध्ये ल वेरिये कागदावर हिशेब करत बसला आणि न पाहिलेला ग्रह कुठं असावा ते त्यानं बर्लिनला कळवलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री गाल्लेनं दुर्बीण तिकडे वळवली. सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून होता. दुर्बीण लागण्याआधी तो एका टेबलावर सापडलेला होता.

चोविसाव्या झाडापासून अडतिसाव्यापर्यंत चालताना माझ्या मनात माधान येत होतं. चांदूर बाजारपासून जवळच, याच तालुक्यातलं गाव. गुलाबराव महाराज तिथले. १८८१ चा जन्म. नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. लोक ग्रंथ वाचून दाखवत, ते ऐकत आणि ध्यानात ठेवत. मग ते सांगत जात आणि दुसरे लिहून घेत. वेदान्तापासून डार्विन-स्पेन्सरच्या मतांपर्यंत त्यांनी खंडन-मंडन केलं, मराठीत, हिंदीत आणि संस्कृतात मोठा ग्रंथसंभार उभा केला आणि १९१५ मध्ये, पस्तिशी गाठायच्या आत, देह ठेवला. भाविकांसाठी ते संत आहेत. मला त्यांचं नाव या रिकाम्या झाडांमध्ये आठवतं, कारण न पाहता जाणणं ही गोष्ट आमच्या तालुक्यात कुणाला पटवून द्यावी लागत नाही. कानावर आलेलं पारखायचं, जोडायचं, विसंगत असेल ते टाकायचं आणि उरेल त्यावर उभं राहायचं. ल वेरियेनं युरेनसच्या चालीतल्या चुकांबाबत हेच केलं होतं. सूर्यमालेचं आजवर कुणीही बाहेर उभं राहून अखंड दर्शन घेतलेलं नाही. तक्त्यावरचं चित्रही हिशेबातूनच उतरलेलं आहे. तरी ते कल्पित नाही. त्या हिशेबावर यानं नेमक्या जागी पोहोचतात.

अडतिसाव्या झाडाच्या जरा अलीकडे बाजरीचा दुसरा दाणा ठेवला. नेपच्यून. तो सापडला तेव्हा वऱ्हाड निजामाचा होता. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या कारभारात गेला, पुढं रेल्वे आली, कापसाचे भाव चढले, पडले, इंग्रज गेले, महाराष्ट्र झाला, मोबाइल आला. आणि एवढं सगळं होऊन गेल्यावर २०११ मध्ये नेपच्यूननं सापडल्यापासूनची आपली पहिली फेरी पुरी केली. त्याचं वर्ष १६५ वर्षांचं.

बागेची ओळ तिथं संपत होती. पुढं धुरा, धुऱ्यापलीकडे उपटलेल्या पऱ्हाटीचं वावर. तिथं कुठंतरी प्लूटो. त्याच्याकडे वळलेल्या पहिल्या नजरांपैकी एक मराठी होती. वेंकटेश बापूजी केतकर, 'ज्योतिर्गणित' लिहिणारे शाळामास्तर. ग्रहांच्या गतींमधल्या प्रमाणांवरून त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं काढलं, त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली आणि १९११ मध्ये ते फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत छापून आणलं. ब्रह्माचं अंतर पृथ्वीच्या सुमारे ३९ पट, फेरी सुमारे २४२ वर्षांची. १९३० मध्ये प्लूटो सापडला तो साडेएकोणचाळीस पट अंतरावर, २४८ वर्षांच्या फेरीचा. मात्र तो आपल्या चंद्राहूनही लहान निघाला, म्हणून आकडे जुळले हा योगायोग धरला जातो. तो ज्याला सापडला त्या क्लाइड टॉम्बोची गोष्ट आमच्या काकाजींना जास्त भिडली. अमेरिकेतल्या कॅन्ससमधला शेतकऱ्याचा पोरगा. गारपिटीनं पीक गेलं आणि कॉलेज हुकलं. मग त्यानं जुन्या यंत्रांचे भाग जोडून घरी दुर्बीण केली, ग्रहांची चित्रं काढून वेधशाळेला धाडली आणि तिथं नोकरी मिळवली. २००६ मध्ये प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रहांत घातलं. काकाजी म्हणाले, "याद्यायचं काय, आपल्या गारपिटीच्या यादीतून बी नावं निंगतेच."

हॅलेचा धूमकेतू आमच्या मापानं पहिल्या झाडाच्या अलीकडे सूर्याला वळसा घालतो आणि चव्वेचाळिसाव्या झाडाइतक्या अंतरावर, म्हणजे त्या पऱ्हाटीच्या वावरात, जाऊन परततो. २०२३ च्या डिसेंबरात तो त्या टोकाहून वळला. २०६१ मध्ये भाच्याला तो दिसेल. १९७७ मध्ये सोडलेलं व्हॉयेजर-१ डांबरी रस्त्याच्याही पुढं, सव्वा किलोमीटरवर गेलेलं. आणि यानंतरचं दुसरं संत्रं, म्हणजे सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? भाच्याला वाटलं, शेजारच्या बागेत असेल. ते दोन हजार किलोमीटरवर आहे. इथून थेट पूर्वेला निघालं तर ब्रह्मदेशातल्या मंडालेच्याही शंभरेक किलोमीटर पलीकडे. मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ काढणारं 'ओरायन' १८९३ मध्ये लिहिणारे टिळक पुढं त्याच मंडालेत सहा वर्षं कोठडीत होते. इथून तिथपर्यंत दुसरं एकही संत्रं नाही. भाचा गप्प झाला आणि हातातला उरलेला हरभरा त्यानं खाऊन टाकला.

काकाजींनी मग ठेवणीतला प्रश्न काढला. "सबन खरं हाय बाप्पा, पन हे समजून संत्र्याले भाव भेटन काय?" नाही भेटणार, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. असं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित असावं. पण ते मेरेवर परत गेले नाहीत. बाजरीच्या दाण्याकडे वाकून पाहत उभे राहिले. हिवाळ्यात शेताची लाइन रात्रीची असते, तेव्हा हरभऱ्याला ओलित करत त्यांनी जेवढं आकाश पाहिलं आहे तेवढं मी आयुष्यात पाहणार नाही. गुरू कोणत्या महिन्यात कुठल्या झाडाच्या शेंड्यावर येतो, हे ते मोटार सुरू करायच्या वेळेवरून सांगतात.

"याचा दिवस केवढा असते?"

नेपच्यूनचा? सोळा तासांचा, मी सांगितलं.

"म्हंजे रात आठच घंट्याची." खर्ऱ्याची पुडी पुन्हा उघडत काकाजी म्हणाले, "बरं हाय गड्या. तिथं ओलितवाल्याले झोप तरी भेटत असन."